उलथनं कुणाच्या हातात

माझ्या थोरल्या जाऊबाईंना राग येतो, असं म्हणता येणार नाही. राग त्यांच्याकडे राहायलाच आहे. सकाळी तो त्यांच्याबरोबर उठतो, आणि दुपारी त्या केंद्रावर निघाल्या की चपला घालून त्यांच्या पुढे जिना उतरतो. त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. जिन्यावरच्या पावलांवरूनच मला कळतं, आज कुणाचं तरी काही खरं नाही.

केंद्र म्हणजे मोठ्या वसाहतीच्या तळाशी असलेला एक लांबट हॉल. ज्यांचे आईवडील संध्याकाळपर्यंत कामावर असतात, ती मुलं शाळा सुटली की तिथे येतात. अभ्यास करतात, खेळतात, भांडतात. एक संस्था हे चालवते आणि जाऊबाई तिथल्या ताई. समोर मुलं त्यांना ताई म्हणतात, पाठीमागे तवा. तापायला क्षण लागत नाही आणि गार व्हायला संध्याकाळ होते, म्हणून. त्यांना हे माहीत आहे, आणि मला वाटतं, आवडतंही.

हॉलच्या भिंतीवर संस्थेने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: मुलांचा आवाज, आमचा श्वास.

“श्वास म्हणे!” जाऊबाई म्हणतात. “दमा आहे यांना.”

पण त्या वाक्यावर त्या केंद्रात सगळ्यांत जास्त विश्वास ठेवणारी माणसं मोजली, तर पहिल्या त्याच निघतील. त्याला कारण आहे. त्यांच्या माहेरी वडिलांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कुठल्या शाखेला जायचं, शिक्षण कधी थांबवायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं बाहेरच्या खोलीत ठरलं. “माझ्या आयुष्याचे सगळे निर्णय दुसऱ्या खोलीत झाले,” त्या म्हणतात. “मी फक्त चहा नेऊन दिला.” लग्न झाल्यावर खोली बदलली, चहा तोच राहिला. आमचे मोठे दीर स्वभावाने गरीब, पण नवीन गादी घ्यायचीसुद्धा आपल्या आईला विचारून.

म्हणून केंद्रात त्यांनी सगळ्यांत आधी काय केलं, तर आपली खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली आणि मुलांबरोबर जमिनीवर गोल करून बसल्या. रोज घरी जायच्या आधी हा गोल बसतो. केंद्राचं जे काही ठरायचं, ते तिथे ठरतं. बोलायची शिस्त लागावी म्हणून त्यांनी घरातून एक लाकडी उलथनं नेलं, कड जळलेलं. ज्याच्या हातात उलथनं, त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये तोंड घातलं, तर पुढचे काही गोल त्याला उलथनं नाही. हा दंडाचा नियम मुलांनीच केला, आणि तो सगळ्यांना लागू. ताईंनासुद्धा, असं स्वतः ताईंनीच ठणकावून सांगितलं होतं.

सासूबाई अजून त्या उलथन्याची आठवण काढतात. “माझं चांगलं उलथनं लोकशाहीत गेलं,” म्हणतात.

केंद्राच्या मागच्या बाजूला एकच संडास. त्याच्या दाराची आतली कडी निखळली. नुसती सैल झाली नाही. चौकटीचं लाकूडच भुसभुशीत झालेलं, स्क्रू धरेना. दार लोटलं की लोटलं जायचं. मुलग्यांना काय, ते शीळ वाजवत आत उभे राहायचे. मोठ्या मुलींनी दुपारी पाणी पिणंच सोडलं. अगदी गरज लागली तर जोडीने जायचं. एकीने आत, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं.

गोलात हा विषय काढला तो ‘वकील’ने. ही आठवीतली मुलगी. कशावरही “पण का?” विचारते म्हणून तिला हे नाव पडलेलं. गोलात ठरलं, संस्थेच्या संचालकांकडे मागणी करायची. मुलांनी केली. संचालकांनी कौतुक केलं. पुढच्या दुरुस्तीत घेऊ म्हणाले. पुढची दुरुस्ती आली तेव्हा त्यांच्या केबिनचं दार बदललं.

हे संचालक इतकं हळू बोलतात, की त्यांच्यावर ओरडणारा माणूस आपोआप वाईट दिसतो. जाऊबाई त्यांच्यासमोर नेहमीच वाईट दिसत आल्या आहेत.

त्यात ती गोष्ट घडली. एक चिमुकली, चौथीतली मुलगी. आवाज इतका बारीक, की सगळे तिला चिमणीच म्हणायचे. ती आत होती. दार धरायला नेहमी वकील असायची. त्या दिवशी तिला शाळेतून यायला उशीर झाला. चिमणीने थांबून थांबून किती थांबायचं? ती एकटीच गेली. आणि खेळणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी, गंमत म्हणून, दाराला लाथ मारली. दार सताड उघडलं. पोरं हसली.

चिमणी बाहेर आली, दप्तर उचललं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही.

जाऊबाईंनी पोरांना भिंतीला उभं केलं. “कुणी मारली लाथ? बोला! आत्ता तोंडं शिवली होय रे? हसताना बरी उघडली होती!” तो आवाज मी ऐकला नाही, पण कल्पना करू शकते, आमच्या खालच्या मजल्यावर तो नेहमी येतो. कुणी कबूल झालं नाही. त्या आवाजापुढे खरं बोलायला फार मोठी छाती लागते, आणि ती पोरं बारा-तेरा वर्षांची होती.

मग त्या चिमणीच्या घरी गेल्या. दुपारच्या सुट्टीत घरी आलेली आई पुन्हा कामावर निघतच होती, किल्ली हातात. म्हणाली, “नाही म्हणते ती यायला. मी तरी काय करू? शाळेतून आली की जेवू घालून बाहेरून कुलूप लावून जाते. टीव्ही बघते संध्याकाळपर्यंत.”

“एकटी?”

“मग? तुमच्याकडे होती तेव्हा काय दुकटी होती?”

उत्तर नसलं की जाऊबाईंना दुप्पट राग येतो. तिथून त्या तडक संचालकांकडे गेल्या.

“एक मूल घरात कोंडलं गेलंय साहेब, तुमच्या एका कडीपायी.”

“ताई, तुम्ही बसा आधी. पाणी घ्या.”

“पाणी नको. तुमच्याकडे पाणी पिऊन जायचं कुठे?”

साहेब हसले. हळूच. म्हणाले, देणगीदार पाहुणे यायचे आहेत, त्यानंतर सगळंच बघू. आणि हो, पाहुण्यांना मुलांचा गोल दाखवायचा आहे. मुलांची लोकशाही! विषयही त्यांनी ठरवून ठेवला होता: भिंतीला कोणता रंग द्यावा. “मुलांनाच निवडू द्या. पिवळा किंवा निळा.”

त्या संध्याकाळी जाऊबाई आमच्या मोरीत धुणं आपटत होत्या. वरची मोरी तुंबली होती. “पिवळा किंवा निळा!” प्रत्येक आपटीला एक शब्द. “मुलांनी! निवडायचं! रंग! आणि मुतायला! दार! नाही!”

मोठे दीर दारात उभे राहून म्हणाले, “अगं, एवढं काय? रविवारी मी येतो, चौकटीला एक पट्टी ठोकतो, कडी बसवून देतो. केवढंसं काम!”

“प्रश्न कडीचा नाहीये!” जाऊबाई उसळल्या. “मुलांनी मागितलंय. रीतसर. ते मिळालं पाहिजे. तुम्ही ठोकून आलात तर मुलं काय शिकतील? की कुणाचा तरी नवरा येतो आणि ठोकून जातो?”

“बरं बाई,” दीर म्हणाले आणि वर गेले.

आतून सासूबाईंचा आवाज आला, “प्रश्न कडीचा नाही तर कशाचा गं? त्या लेकरांना आडोसा हवाय.”

जाऊबाईंनी पिळलेली चादर पुन्हा आपटली. मग ती परत बादलीत बुडवून पुन्हा पिळायला घेतली.

पाहुण्यांच्या आधीच्या गोलात वकील उलथनं हातात घेऊन म्हणाली, “आम्ही रंगाचं बोलणार नाही. कडीचं बोलणार. मी सुरू करीन. पुढचं आमचं आम्ही ठरवलंय.” जाऊबाईंना इतका आनंद झाला, की ‘पुढचं’ म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. घरी येऊन मला म्हणाल्या, “बघ. माझी पोरं आहेत.” आमच्याकडचे टेबलक्लॉथ त्या मागून घेऊन गेल्या आणि वाढपाला म्हणून मलाही नेलं.

म्हणून तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला.

हॉल झाडून लख्ख. संडासाच्या दारासमोर साहेबांनी एक उंच कुंडी आणून ठेवलेली, आतलं दिसू नये म्हणून. पाहुणे खुर्च्यांवर, मुलं खाली गोलात, जाऊबाई त्यांच्यात. वकील उभी राहिली. दोन्ही हातांनी उलथनं छातीशी धरलेलं. तिच्या शेजारी एक उंच, हाडकुळा मुलगा बसला होता, त्याला सगळे उंट म्हणतात. तो घामाने भिजला होता. मला वाटलं, ताप असेल.

“आम्हाला रंगाचं बोलायचं नाहीये,” वकील म्हणाली. “आमच्या संडासाला कडी नाही. त्यामुळे आमची एक मैत्रीण आता येत नाही. तिच्याबद्दल आम्हाला...”

साहेब हसत हसत पुढे झाले. “वा, वा, छान! मुलं किती मोकळेपणाने बोलतात बघा. आता आपण...” असं म्हणत त्यांनी उलथन्याला हात घातला.

“साहेब!” जाऊबाई ताडकन उठल्या. “उलथनं तिच्या हातात आहे. ती बोलतेय. तुम्ही बसा.”

साहेबांनी हात मागे घेतला. हे इथेच थांबलं असतं, तर मी ही गोष्ट वेगळी सांगितली असती.

पण जाऊबाई थांबल्या नाहीत. वर्षानुवर्षं साठलेलं होतं. कडी किती दिवस नाही, मुली पाणी कशा पीत नाहीत, केबिनचं दार कसं बदललं, ती कुंडी तिथे का ठेवलीय, भिंतीवर काय लिहिलंय आणि आत काय चाललंय. आवाज चढत गेला. दर महिन्याला संस्थेची चिंतन बैठक असते, त्यात प्रत्येकाने ‘या महिन्यात मी काय शिकलो’ ते सांगायचं असतं. तिलाही सोडलं नाही. “आरशासमोर बसून सगळे आपापले केस विंचरतात! त्याला म्हणे चिंतन!” एक पाहुण्या बाई डोळे पुसायला लागल्या. दुसऱ्या पाहुण्यांनी साहेबांकडे असं पाहिलं, की साहेब खुर्चीत बुटके झाले.

खरं सांगते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

वकील मात्र उभीच होती. तिचं तोंड आधी अर्धवट उघडं होतं, मग मिटलं. तिने एकदा उंटाकडे पाहिलं. उंटाने मान खाली घातली. मग ती हळूच खाली बसली आणि उलथनं मांडीवर आडवं ठेवलं. जाऊबाईंनी ते पाहिलं नाही. त्या पाहुण्यांकडे बघून बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. नवी चौकट, नवी कडी, वर एक जास्तीची कडी. चिमुकल्यांचा हात पोचावा म्हणून एक खालीही. संध्याकाळी मी टेबलक्लॉथ आणायला गेले, तेव्हा जाऊबाई ती कडी लावून-काढून बघत होत्या. असा चेहरा मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता.

गोल बसला. मी कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीवर बसले. त्यांनी उलथनं वकीलकडे दिलं, हसून. टाळ्यांची वाट बघत असाव्यात.

“काल हे माझ्या हातात होतं,” वकील म्हणाली.

“हो गं, म्हणून तर मी साहेबांना...”

बोलता बोलता त्या थांबल्या. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती.

“बघा,” वकील म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. रडण्याने नव्हे, रागाने. “आत्तासुद्धा. साहेबांनी ते ओढलं. तुम्ही ओढलं नाहीत, नुसतं वापरलंत. माझं वाक्य राहिलं ताई. मला सांगायचं होतं की चिमणीला आम्ही परत आणणार आहोत. आणि माझ्यानंतर उंट बोलणार होता. दाराला लाथ त्याने मारली. तो सगळ्यांसमोर सांगणार होता, आणि मग आम्ही सगळे तिच्या घरी जाणार होतो. रात्रभर झोपला नव्हता तो. आता म्हणतो, कडी तर बसली, आता कशाला?”

उंट गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

“तुम्हाला आम्ही आधी का नाही सांगितलं, विचारा,” वकील म्हणाली. “तुम्ही ओरडला असता.”

जाऊबाईंचे ओठ हलले. उलथनं त्यांच्या हातात नव्हतं.

मग मुलांनी ठरवलं. हात वर झाले. मध्ये तोंड घातल्याबद्दल ताईंना दंड: चिमणी परत येईपर्यंत उलथनं नाही. वकील म्हणाली, कुणाचं वेगळं मत असेल तर सांगा. एका लहान मुलाने उलथनं मागून घेतलं आणि म्हणाला, “पण ताईंमुळेच कडी बसली.” वकीलने मान डोलावली. “हो. त्याबद्दल आपण त्यांना थँक्यू म्हणू. पण दंड राहील.” सगळी मुलं एका सुरात “थँक्यू, ताई” म्हणाली. इतकं औपचारिक थँक्यू मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर त्या थेट भांडी घासायला बसल्या. आमचीच भांडी, आणि ती घासलेलीच होती.

“कालचं पोर मला शिकवतंय!” तारेची घासणी पातेल्यावर फिरत होती. “कुणासाठी बोलले मी? माझ्या बापासाठी? नोकरी पणाला लावली! चिंतन बैठकीला उद्या साहेब मला उभी सोलतील!”

“हो,” मी म्हटलं.

“हो काय हो? मी गप्प बसायला हवं होतं?”

“नाही. साहेबांना बसवल्यावर तुम्हीही बसायला हवं होतं.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पातेल्याच्या जागी असते तर झिजले असते. बराच वेळ नळ वाहत राहिला. मग त्यांनी तो बंद केला.

“माझे वडीलसुद्धा असंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासाठीच तर बोलतोय. तुझ्या भल्यासाठीच भांडलो मी लोकांशी. खरंच भांडायचे. फक्त मी शेजारच्या खोलीत असायचे.” हातातली घासणी त्यांनी पिळली. “मला वाटायचं, खोली एक केली, गोल बसले, की झालं. पण काल ती समोर उभी होती आणि तरी मी तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं.”

राग गेला नव्हता. तो नुसता वळला होता. साहेबांवरून स्वतःवर. आणि तो त्या अशा निगुतीने स्वतःवर चालवत होत्या, की मला पातेल्याची दया आली.

“आणि कडी!” थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या. “तुझे भावजी बसवून देत होते. रविवारी. मी म्हटलं, प्रश्न कडीचा नाही. मुली पाणी पीत नव्हत्या आणि मी म्हटलं, प्रश्न कडीचा नाही! तेव्हा बसवली असती आणि मागणीही चालू ठेवली असती, तर काय आकाश कोसळणार होतं?”

“मी सांगितलं होतं,” आतून सासूबाई म्हणाल्या.

“तुम्ही जरा गप्प बसाल का आई!” जाऊबाई ओरडल्या, आणि लगेच कपाळावर ओला हात मारून घेतला. सासूबाई खुदकन हसल्या. “चालू दे, चालू दे. माझ्या हातात कुठे आहे उलथनं?”

चिंतन बैठकीत साहेबांनी, हळू आवाजात, अशी आशा व्यक्त केली की सर्व कार्यकर्ते आपल्या भावना योग्य व्यासपीठावर मांडायला शिकतील. जाऊबाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही मुलीच्या हातातून उलथनं ओढत होतात. ती चूक तुमची. मी तिचं बोलणं खाल्लं. ती माझी. माझा दंड मी मुलांसमोर भरतेय. तुमचा तुम्ही कुठे भरणार आहात?” साहेबांनी विषय बदलला. नोकरी गेली नाही. पाहुण्या बाईंना जाऊबाई आवडल्या होत्या. याचाही त्यांना राग आला. “कडी माझ्या बोलण्याने नाही, त्या बाईंच्या रुमालाने बसली.”

पुढचे दिवस त्या गोलात गप्प बसल्या. मुलं म्हणायची, ताई फुगताहेत. एक दिवस फुटतील. पण त्या फुटल्या नाहीत. आणि त्यांचा आवाज नसल्यामुळे असेल, एक दिवस उंटाने उलथनं मागून घेतलं. म्हणाला, मी येतो तिच्या घरी. कडी बसली तरी येतो. ताईंना बरोबर नेऊ नये, असं ठरलं. त्या घरी येऊन म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं,” आणि बेसिनवर इतक्या जोरात हात धुतले, की साबण खिडकीबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात त्या चष्मा घरीच विसरून गेल्या. मी तो घेऊन केंद्रावर पोचले, तर जाऊबाई पायरीवर उभ्या. रस्त्याच्या वळणावरून पोरं येत होती. वकील पुढे, उंट सगळ्यांत मागे, आणि मध्ये कुणाच्याही हातात हात न देता चालणारी चिमणी. तिच्या घरी काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. जाऊबाईंनाही नाही. त्यांनी विचारलं नाही.

चिमणी कुणाशी न बोलता थेट मागे गेली. कुंडी अजून तिथेच होती. तिने ती दोन्ही हातांनी बाजूला सरकवली. दार लागलं. कडी वाजली. पुन्हा उघडली, पुन्हा वाजली. मग खालची. बाहेर सगळी पोरं दाराकडे पाठ करून उभी. कुणी सांगितलं नव्हतं.

गोल बसला. उलथनं चिमणीच्या हातात दिलं. ते तिच्या हाताहून मोठं होतं. तिने ते धरलं, आणि ती काहीच बोलली नाही.

उंट जमिनीकडे बघत होता. कुणीतरी खोकलं. वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. चिमणी जळलेल्या कडेवर बोट फिरवत होती. मी जाऊबाईंकडे पाहिलं. चेहरा लाल, गळ्याची शीर फुगलेली, जिभेच्या टोकावर बोल बाळा, घाबरू नकोस, मी आहे ना, सगळं येऊन उभं राहिलेलं. एका शब्दाने ती शांतता संपली असती.

त्यांनी पदराचं टोक दातांखाली धरलं, आणि वाट बघत बसल्या.